हा बदल कोणाचा?

ऑफिसातल्या गोष्टी मी घरी जेवताना सांगते. आई एक दिवस म्हणाली, "अगं, तिथे काम कधी करता?" आता काय सांगणार! कामच असं आहे की करता करता किस्से होतात, आणि एक सांगून हात धुवेपर्यंत दुसरा आठवतो.

आमचं ऑफिस अलिबागला, औषधांच्या एका दुकानाच्या वर. किनाऱ्यावरच्या कॉटेजेसना आणि लॉजवाल्यांना आम्ही बुकिंगचं सॉफ्टवेअर देतो. म्हात्रे सर मालक, मंदार आणि फैजान प्रोग्रामर, वैशालीताई मागाहून आल्या. मी टेस्टर. म्हणजे बाकीच्यांनी लिहायचं, मी त्यात चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा!

काल चालणारं आज बंद पडलं की शोध सुरू होतो. मधल्या काळात केलेले सगळे बदल ओळीने नोंदलेले असतात. त्यातला मधोमधचा गाठून तिथपर्यंतचं चालवून बघायचं. तिथे ठीक असेल तर बिघाड त्याच्यानंतरचा, नसेल तर त्याचा किंवा त्याच्या आधीचा. मग उरलेल्या अर्ध्याचा मध्य. असं करत करत शेवटी एकच बदल उरतो आणि त्याच्यापुढे करणाऱ्याचं नाव असतं. वाडीतल्या शेवटच्या माडाला पाणी पोचलं नाही की आमचे बाबा पाइप मधोमध सोडून बघतात, तसंच हे.

म्हात्रे सरांचा नियम असा की, ज्याचं नाव निघेल त्याला कोणी बोलायचं नाही, त्याने सगळ्यांना भजी आणायची. आधीच्या नोकरीत सरांनी खूप ऐकून घेतलंय. "माणसं तळून काही मिळत नाही," ते म्हणतात. "भजी तळा."

*

मंदार हुशार आहे, पण त्याचं तोंड त्याच्या पुढे धावतं. एकदा बिलांवर एका पाहुण्याचं नाव आणि दुसऱ्याचा पत्ता असं यायला लागलं. मंदारने कोड उघडला आणि सुरू झाला, "हे कुठल्या गाढवाने लिहिलंय? याला नोकरी दिली कोणी?"

नोकरी देणारे सर समोरच बसले होते. ते चहा पीत राहिले.

शोध चालू होता, तोंडही चालू होतं. मग शोध एका नावावर थांबला. मंदार उठला, चपला घातल्या, जिना उतरून गेला आणि कागदाचा पुडा घेऊन आला.

"कोण होता रे तो गाढव?" मी विचारलं.

"गरम आहेत तोवर खा," मंदार म्हणाला.

*

त्याच मंदारची आई एकदा नागोठण्याहून आली होती, विसरलेला चष्मा द्यायला. नेमकं तेव्हा स्क्रीनवर एक पान उघडं होतं. आठवडाभर त्या पानातल्या चुकांनी आमचं डोकं खाल्लं होतं, म्हणून कुठली ओळ कोणी लिहिली ते आम्ही काढलं होतं. वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळीपुढे मंदार, मंदार, मंदार!

काकूंनी चष्मा तसाच हातात धरला. "एवढं सगळं याने एकट्याने केलं?"

मंदारने सरांकडे असं काही पाहिलं की मलाच कसंतरी झालं.

"हो काकू," सर गंभीरपणे म्हणाले. "यात दुसऱ्या कोणाचा हात नाही."

काकूंनी फोटो काढला आणि उभ्या उभ्या घरच्या ग्रुपवर टाकला. मामांचं लगेच उत्तर आलं, "शाब्बास! असंच नाव काढ."

*

किहीमला आमच्या घराजवळ तात्यांच्या तीन कॉटेजेस आहेत. एका सकाळी त्यांचा फोन आला, "तुम्ही त्या नवीन काय घातलंत, तवापासून फोनवर बुकिंग येतच न्हाय!"

आम्ही शोधायला बसलो. मधला बदल ठीक, त्याच्यानंतरचा ठीक, अगदी कालचाही ठीक. सगळंच ठीक असेल तर शोधायचं काय? सर म्हणाले, "रेवा, तू घरी जाता जाता तात्यांकडे डोकाव."

"तात्या, तुमच्याकडे काही बदललं का?" मी विचारलं.

"आमच्याकडं कशाला काय बदलंल? हाय तसाच हाय सगळा."

हे सांगताना तात्या नव्या कोऱ्या झोपाळ्यावर झुलत होते, पार आतल्या खोलीत! आधी ते पुढच्या पायरीवर खुर्ची टाकून बसायचे. मी त्यांचा फोन घेऊन पायरीवर गेले. तिथे रेंज मिळाली तशी चार दिवसांची बुकिंग एकापाठोपाठ एक वाजत आली. तात्या झोपाळा सोडून धावत बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात रिक्षाने शहाळी आली. सोबत तात्यांचा निरोप होता: "बदल माझा निघाला. तुमचा नेम मला ठाव हाय. भजी जमत न्हाय, शहाळी घ्या."

*

प्रत्येक बदलासोबत काय केलं ते एका ओळीत लिहायचं असतं. मुरूडचा आमचा फैजान कायम एकच लिहायचा, "छोटा बदल". एकदा शोध येऊन थांबला तो अशाच एका छोट्या बदलावर. उघडून बघतो तर आख्खं कॅलेंडर नव्याने लिहिलेलं!

सर म्हणाले, "फैजान, मोठा बदल करशील तेव्हा आधी सांग. आम्ही गाव खाली करतो."

त्याने ते फारच मनावर घेतलं. त्या दिवसापासून निबंध सुरू झाले. "अब्बांना डॉक्टरकडे न्यायचंय म्हणून घाईत करतोय, पण दोनदा तपासलंय, इन्शाअल्ला चालेल." आम्ही ते मालिकेसारखे वाचायचो. अब्बांचं ऑपरेशन ठरल्याचं सरांना तिथेच कळलं आणि त्यांनी न मागता त्याला रजा दिली. मला त्या दिवशी सरांचं फार कौतुक वाटलं.

पुढे एकदा शोध परत फैजानच्या नावावर थांबला. मंदार हात चोळत उठला, "आज कांदाभजी!" आणि फैजानचा निबंध मोठ्याने वाचू लागला, "हा बदल मला अजिबात पटलेला नाही. पण..."

मंदार तिथेच थांबला. पुढचं सरांनी वाचलं, "पण मंदारभाई म्हणतात, काही होत नाही, टाक बिनधास्त."

*

पालीच्या एका लॉजवाल्या काकांकडे प्रत्येक पावती दोनदा छापली जायची. आमचीच चूक, फैजानने शोधून दुरुस्त केली. आम्ही खुशीत होतो, तोवर काकांचा फोन, "अहो, काय करून ठेवलंत? चांगलं चाललेलं बिघडवलंत!"

"काय झालं काका?"

"पावती एकच येते!"

"एकच यायला हवी ना?"

"मग मी पाहुण्यांना प्रसादाचे पेढे कशात बांधून देऊ?"

हा आमचा सर्वांत सोपा शोध. बिघडवणारा बदल कुठला ते लगेच कळलं, कारण आम्ही ज्याला दुरुस्ती म्हणत होतो तो तोच होता! काकांच्या सॉफ्टवेअरमध्ये आता एक जादा बटण आहे. ते दाबलं की दुसरी पावती येते. बटणाचं नाव "पेढे".

*

आता वैशालीताईंचा सांगते.

ताई आतल्या गावातल्या, घरी भातशेती. कॉम्प्युटरची पदवी घेतली, नोकरी केली, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि ताई कित्येक वर्षं घरातच राहिल्या. सासूबाई गेल्यावर पुन्हा नोकरी शोधायला निघाल्या तर कोणी दारात उभं करेना. म्हात्रे सरांनी सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं, जमलं तर कायम. घरी दीर रोज म्हणायचे, "वहिनी, उगाच हसं होण्यापेक्षा आत्ताच घरी बसा." ताई हे आम्हाला हसत सांगायच्या. पण बोली संपत आली तसा त्यांचा डबा भरलेलाच परत जायला लागला.

नेमक्या त्याच आठवड्यात जोडून सुट्ट्या आल्या, आणि एका कॉटेजच्या फाटकात दोन कुटुंबं उभी राहिली. खोली एक, बुकिंग दोघांकडे! मालक फोनवर असे ओरडत होते की खाली दुकानात ऐकू गेलं असेल. एका कुटुंबाची सोय मी शेजाऱ्यांच्या घरगुती खोल्यांत लावून दिली. पण चूक शोधायलाच हवी होती, पुढची बुकिंग येतच होती.

माझ्या दोन हातांत दोन फोन. एकच खोली दोन्हींवरून एकदम मागायची. एकाला मिळाली, दुसऱ्याला नकार आला, तर ठीक. दोघांना मिळाली तर बिघाड. शोध अर्ध्यावर आला, मग त्याच्या अर्ध्यावर. दर वेळी उरलेल्या बदलांतली मंदारची आणि फैजानची नावं कमी होत होती आणि वैशालीताईंचं तेवढं उरत होतं.

फैजान माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "रेवाताई, नेट गेलं म्हणून सांगू का?"

खरं सांगते, पगारच चुका काढायचा, पण त्या दिवशी काही सापडू नये असं मला मनापासून वाटत होतं.

दोन बदल उरले. मी फोन उचलले तेवढ्यात ताई उठल्या. "नको रेवा, ठेव ते. तो माझाच आहे." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "ही ओळ मला बिनकामाची वाटली म्हणून काढली. दुसऱ्याला थांबवणारी तीच होती. मघाशी लक्षात आलं. परत घातलीये, तपासून बघ."

मी तपासलं. खोली एकालाच मिळाली. चूक सापडून आम्हाला कोणालाच आनंद झाला नाही, असं पहिल्यांदाच घडलं. ताईंनी घरी निघायच्या तयारीने पर्स खांद्याला लावली होती.

तेवढ्यात कॉटेजच्या मालकांचा पुन्हा फोन. सरांनी स्पीकर लावला.

"सापडलं का काही?"

"सापडलं. दुरुस्तही झालं."

"कोणी केलं होतं?"

"आमच्याच माणसाने."

"ती शिकाऊ बाई ठेवलीय ना तुम्ही? तिचंच असणार! काढून टाका आधी तिला."

सरांनी ताईंकडे पाहिलं.

"शिकाऊ आमच्याकडे कोणी नाही," सर म्हणाले. "वैशालीताई कायम आहेत."

"कायम? कधीपासून?"

सर म्हणाले, "तुमच्या घड्याळात आत्ता किती वाजलेत?"