आम्ही सतरा जणी

माझ्या मावशीला सगळे हॅलोबाई म्हणतात. चौतीस वर्षं तिनं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी. याची लाइन त्याला जोड, त्याची हिला. आवाजावरून माणूस ओळखण्यात तिचा हात कोणी धरला नसता. घरात कोणी नुसतं खोकलं तरी ती सांगायची, "हा सर्दीचा नाही, हा काहीतरी लपवल्याचा आहे." आणि ते खरं निघायचं.

निवृत्त झाली आणि महिनाभरात घर तिच्या अंगावर येऊ लागलं. काका शाळेत गणित शिकवायचे, तेही आता निवृत्त होऊन घरीच. ते दिवसभर शब्दकोडी सोडवत बसत आणि मावशी त्यांना आडवे-उभे शब्द सांगून सांगून वैतागे. "माझे कान गंजायला लागलेत," ती मला फोनवर म्हणायची.

अशात स्वयंपाकघरातल्या सिंकचा पाइप गळायला लागला म्हणून प्लंबर आला. मावशी भाजी निवडत होती. सिंकच्या खालून पान्याच्या आवाजाबरोबर गाणं ऐकू यायला लागलं. तिनं सुरी खाली ठेवली.

"कोणाचं रे गाणं हे?"

"माझंच," सिंकखालून उत्तर आलं.

"म्हणजे तू म्हणतोयस ते कळतंय मला. रचलंय कोणी?"

"तेही मीच. साठेक आहेत अशी."

"मग रेडिओवर कधी ऐकलं नाही मी."

प्लंबर सरपटत बाहेर आला. हात पुसत त्यानं सांगितलं की एका मोठ्या रेडिओ स्टेशनवर तो तीनदा जाऊन आला होता. तिथल्या साहेबांनी अर्धं गाणं ऐकलं आणि म्हणाले, छान आहे, पण लोक ऐकणार नाहीत.

"लोकांना विचारलं होतं का त्यानं?" मावशी म्हणाली. प्लंबर हसला, पण मावशी हसत नव्हती. त्याच संध्याकाळी तिचा मला फोन आला. मी कॉम्प्युटरच्या कामातली, म्हणून घरातल्या सगळ्या तारा शेवटी माझ्याकडे येतात.

"इंटरनेटवर रेडिओ काढता येतो म्हणे. खरं का?"

"येतो. कॉम्प्युटर, माइक आणि बरी लाइन पाहिजे. टॉवर लागत नाही की मोठी इमारत लागत नाही. जगात कुठूनही ऐकता येतं."

"मग रविवारी ये. जेवायलाच ये."

रेडिओसाठी निवडलेली अंथरुणं-पांघरुणं ठेवायची खोली आम्ही रिकामी केली नाही, कारण गाद्यांमुळे आवाज घुमत नाही हे मावशीनंच शोधून काढलं. चारी भिंतींना गोधड्या टांगल्या. मधे टेबल, माझा जुना कॉम्प्युटर आणि एक माइक. हेडफोन चढवल्यावर मावशीचा चेहरा दहा वर्षांनी लहान झाला. वेळ ठरली रोज सकाळी दहा ते बारा. नियम एकच: ज्यांची गाणी कोणी लावत नाही त्यांचीच लावायची, आणि तीही त्यांनी आपल्या हातानं पाठवलेली.

पहिल्या दिवशी पडद्यावर श्रोत्यांचा आकडा वीस मिनिटं शून्यावर होता. मग एक झाला. ती मी, ऑफिसमधून. मग दोन झाले. ते काका, बाहेरच्या खोलीतून. थोड्या वेळानं काका दारात आले.

"तू प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतेस."

"मी? छे!"

"भिंतीतून एकदा ऐकू येतं, आणि अर्ध्या मिनिटानं फोनमधून पुन्हा."

इंटरनेटवरून आवाज जरा उशिरानं पोचतो हे मी नंतर समजावलं. तोवर कुकरच्या तीन शिट्ट्या जगभर गेल्या होत्या.

तिसरा श्रोता प्लंबर. तो फोन खिशात ठेवून कोणाच्या ना कोणाच्या मोरीत काम करता करता ऐकायचा. आणि दुसऱ्या आठवड्यात चौथा आला. हा कोण, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. दहा वाजून पाच मिनिटांनी यायचा आणि बाराच्या ठोक्याला जायचा. एक दिवस चुकला नाही. मावशीला तर त्याचा लळाच लागला. ती त्याला उद्देशून बोलायला लागली. "चौथे श्रोते, आज जरा उशीर झाला तुम्हाला." "चौथे श्रोते, हे गाणं आवडलं का?" गाणं लांबलं की ट्रंककॉलच्या जुन्या सवयीनं विचारायची, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" आमचा पत्ता आणि नंबर ती रोज सांगे. उत्तर नाही.

"मशीन असेल एखादं," काका म्हणाले.

"मशीन इतक्या वेळेवर येत नाही," मावशी म्हणाली.

मधल्या काळात गाणी मात्र येत होती. प्लंबरनं ओळखीतल्यांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या ओळखीतल्यांना. फरशी बसवणाऱ्या दोघा भावांनी पाठवलं, एका दाताच्या डॉक्टरीणबाईंनी पाठवलं. त्यांचा आवाज इतका गोड, की काका म्हणाले यांच्याकडे दाढ काढायला हरकत नाही. ही सगळी माणसं वर्षानुवर्षं गात होती, पण घरच्यांपलीकडे ऐकणारं कोणी नव्हतं. मावशी प्रत्येकाचं नाव, काम आणि गाणं कसं सुचलं ते नीट सांगायची. घाई नाही, मधे जाहिरात नाही.

दोन महिने असे गेले. एका सकाळी प्लंबरनं नवं गाणं दिलं, आईवरचं. आई शिवणाचं मशीन चालवायची, त्याबद्दलचं. त्यात ओळ होती:

माथ्याशी नेढं, नेढ्यात दोरा,
आई ओवते दिवस कोरा.

गाणं संपतंय तोच मावशीच्या फोनवर संदेश आला. तिनं तो तसाच माइकवर वाचायला घेतला: "गाणं फार छान. पण एक चूक आहे. मशीनच्या सुईचं नेढं टोकाशी असतं. माथ्याशी असतं ते हातसुईचं. गायकाला सांगा, आईकडे नीट बघ. कळावे, आम्ही सतरा जणी."

मावशी थांबली. "सतरा जणी?" ती म्हणाली. मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. पूर्ण एक मिनिट रेडिओवर फक्त तिचं हसणं ऐकू येत होतं. एवढ्यात प्लंबरचा फोन. कोणाच्यातरी मोरीतून बोलत होता, आवाज घुमत होता. "मान्य! शंभर टक्के मान्य! आईचं मशीन मी इतकी वर्षं पाहिलं, पण सुई नाही पाहिली. 'माथ्याशी'चं 'टोकाशी' करतो. चाल तीच बसते!"

चौथा श्रोता म्हणजे बसनं पाच तासांवरच्या एका गावातला शिवणकामाचा कारखाना होता. शाळेचे गणवेश शिवायचे तिथे. सोळा जणी मशीनवर आणि एक काजं-बटणं करणारी. त्यांच्यातल्याच प्रमुख बाईंनी एका फोनला मोठा स्पीकर जोडला होता. म्हणजे आकडा एक, माणसं सतरा.

"अहो, मग इतके दिवस एक शब्द का नाही?" मावशीनं प्रमुख बाईंना फोन करून विचारलं.

"हात रिकामे कुठे असतात आमचे? आणि तुम्ही रोज 'चौथे श्रोते, चौथे श्रोते' म्हणायचात. आम्हाला वाटलं, असेल कोणी साहेब. त्यांच्यामधे आपण कशाला बोला?"

त्यांनीच सांगितलं, आधी तिथे मोठ्या स्टेशनचा रेडिओ लागायचा. तीच दहा गाणी, फिरून फिरून. "कॉलर लावताना जे गाणं असायचं, तेच बाही जोडताना. पोरींना पाठ झालं होतं सगळं. तुमच्याकडे पुढे काय येईल सांगता येत नाही. आणि गाणारी माणसं आपल्यासारखी. चुकतात, सांगितलं की सुधारतात. मोठ्या रेडिओला आपण काही सांगावं, असं कधी मनातच आलं नव्हतं."

मग जरा आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "आमची काजवाली पण गाणी करते हं. तीस वर्षं. तिनंच ती सुईची चूक पकडली."

मावशीला एवढं पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी रेडिओवरून जाहीर आमंत्रण गेलं. काजवालीचा निरोप आला: माझा आवाज फाटका आहे.

"तुमच्याकडे सोळा मशिनी आहेत," मावशी माइकवर म्हणाली. "शिवून घ्या."

म्हणे त्या दिवशी कारखान्यात दहा मिनिटं काम बंद पडलं, हसण्यापायी. आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी काजवालीला धरून बसवलं. मशिनी बंद, सगळीकडे शांतता, तिच्या तोंडापुढे फोन. बाईच्या तोंडून सूर निघेना. दोनदा सुरू केलं, दोनदा ताल सुटला. तीस वर्षं तिनं मशीनच्या घरघरीवर गाणी रचलेली. शांततेत तिला पाय टेकायला जागाच नव्हती. शेवटी चौघींनी घास टाकून मशिनी सुरू केल्या, आणि गाणं धो धो आलं.

बटण म्हणे काजाला, तुझ्यावाचून लोंबतं;
काज म्हणे बटणाला, मला वारं झोंबतं.

गुरुवारी ते लागलं. मी ऑफिसात काम सोडून ऐकत बसले. आवाज खरंच थोडा फाटका होता, खरखरीत, आणि खालून मशिनी अशा धावत होत्या की कोणी मुद्दाम ठेका धरलाय असं वाटावं. आकडा एकतीसवर होता. अर्ध्या तासात वीस संदेश आले. आईची शुश्रूषा करत घरी बसलेल्या एका बाईनं लिहिलं की आई बऱ्याच दिवसांनी ताल धरून बोटं हलवतेय, पुन्हा लावाल का? मावशीनं पुन्हा लावलं.

सगळ्यात लांबचा फोन आला तो काजवालीलाच. तिचा मुलगा परदेशात क्रेन चालवतो. कोणीतरी त्याला लिंक पाठवली होती.

"आई, तू गातेस?"

"तीस वर्षं गातेय. घरातही मशीनवर बसून गातच होते. तुझं लक्ष कुठं होतं?"

तो म्हणाला, "आता उंच बसलोय. इथं लक्ष द्यायला वेळच वेळ आहे. पुढचं कधी?"

महिनाभरानं एका मोठ्या स्टेशनचा माणूस कारखान्यात येऊन गेला. गाणं घेऊ म्हणाला, फक्त मशीनचा आवाज काढू आणि कोणा तरुण मुलीकडून गाऊन घेऊ. काजवालीनं त्याला पाणी दिलं, बसवलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मशीन काढलीत तर गाणं उसवेल हो." माणूस भला होता, हसला आणि गेला. जाता जाता आमच्या रेडिओचं नाव मात्र विचारून गेला.

मग ठरलं की एक दिवस कारखान्यातूनच कार्यक्रम करायचा, जेवणाच्या सुट्टीत. मी, मावशी, काका आणि गिटार घेतलेला प्लंबर असे पहाटेच्या बसनं निघालो. प्लंबरनं नवा शर्ट घातला होता. सतरा शिवणाऱ्या बायका आपली शिवण बघणार याची त्याला धास्ती. मावशी वाटेत सारखी पदर नीट करत होती. चौतीस वर्षं आणि वर हे वर्ष, तिनं हजारो माणसं कानांनी ओळखली होती. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिल्याचं तिला आठवत नव्हतं. "मी दिसायला आवाजासारखी नाही गं," ती मला हळूच म्हणाली.

कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होता. मावशीनं त्याला विचारलं, "दादा, शिवण विभाग कोणत्या बाजूला?"

तो उत्तर देणार, एवढ्यात वरच्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली. "अगं, हॅलोबाई आली! हॅलोबाई!" मग दुसरी खिडकी, तिसरी. गळ्यात मापाच्या टेपा घेतलेल्या बायका जिन्यावरून धावत खाली आल्या आणि मावशीला त्यांनी घोळक्यात घेतलं. कोणी हात धरला, कोणी पदर. सगळ्यात मागे एक ठेंगणी, चष्म्याची बाई बोटातलं अंगुस्तान काढत उभी होती. मावशीनं गर्दीतून तिच्याकडे बघितलं. "तुम्ही काही बोलू नका," ती म्हणाली. "आधी गा."

त्या दिवशीचा कार्यक्रम पाऊण तास चालला. प्लंबरनं आईचं गाणं दुरुस्त करून म्हटलं, 'टोकाशी' आल्यावर सतरा जणींनी टाळी दिली. काजवालीनं तीन नवी गाणी म्हटली. काकांना हवामान सांगायचं काम होतं. त्यांनी ते चुकीचं सांगितलं. प्लंबरच्या नव्या शर्टाची शिवण तिघींनी तपासली आणि बाही उलटी जोडलीय असा निकाल दिला. जेवणानंतर ती त्यांनी जोडूनही दिली.

आता श्रोते दीडशेच्या आसपास असतात. मावशी त्यावर खूश आहे. म्हणते, दीडशे लोकांशी नीट बोलायलाच दोन तास पुरत नाहीत. गुरुवार मात्र तिनं सोडून दिला. त्या दिवशी काजवाली कारखान्यातून कार्यक्रम करते, आपल्या आवडीची गाणी लावते.

पहिल्या गुरुवारी मी मावशीकडे गेले होते. मावशी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती, काका शेजारी. फोनमधून कोणा दोन मुलींचं गाणं सुरू होतं, नुसत्या टाळ्यांवर म्हटलेलं.

"कोण आहेत या?" काकांनी विचारलं.

"काय माहीत," मावशी म्हणाली. पुढचं गाणं कुठलं, त्याच्या पुढचं कुठलं, यातलं काहीच तिला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. ती पुढे झुकली आणि आवाज थोडा वाढवला. "थांबा, सांगेल ती शेवटी."