घुशीच्या बिळातल्या शेंगा

घुशींच्या आतड्यातले जंत हा माझा अभ्यासाचा विषय, आणि त्यासाठी घुशी पुरवणं हा माझ्या सासऱ्यांचा हौसेचा उद्योग. शेळगावच्या आमच्या रानातला भुईमूग निघाला की ते बांधावरची बिळं खणतात आणि घूस पिंजऱ्यात घालून बारामतीला माझ्या कॉलेजात धाडतात. तिनं बिळात साठवलेल्या शेंगा मात्र घरातल्या पोरांच्या. आमच्याकडची रीतच आहे ती.

त्या सोमवारी घूस फाडली, तर आतड्यात पांढऱ्या फितीसारखे लांबच लांब पट्टकृमी. एरवी मी खूश झाले असते. पण आदल्या दिवशीच माझी पाच वर्षांची लेक त्याच बिळातल्या शेंगा मिटक्या मारत खात होती. हातमोजे भिरकावले आणि सासऱ्यांना फोन लावला.

"तात्या, शेंगा भाजून दिल्या होत्या ना?"

"कच्च्याच ग्वाड लागत्यात. आगं, जल्मभर खातुय आमी, कुठं काय झालं?"

घुशीच्या लेंड्यांतली जंताची अंडी किडे खातात, आणि तो किडा ज्याच्या पोटात जाईल त्याला जंत होतात. शेंगेत तसला किडा असला तर? औषध साधं असतं, घाबरू नका, असं मी विद्यार्थ्यांना हसत सांगते. आता मलाच ते पटेना. त्यात तपासणीत काही दिसायचं तर दोन-तीन आठवडे थांबावं लागतं. लेकीनं पोटावर नुसता हात ठेवला तरी मी दचकायची. नवरा वैतागला, म्हणाला, "वळवळ तुझ्याच पोटात चाललीय."

शेवटी तीन आठवड्यांनी लेकीची शी डबीत घेऊन मीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मन भरेना म्हणून पुन्हा दोनदा पाहिली. काही नव्हतं.

तरी राग होताच. तात्यांना चांगलं सुनावायचं ठरवून रविवारी लेकीला घेऊन शेळगाव गाठलं. ते ओट्यावर शेंगा फोडत बसलेले, समोर हात पसरून माझ्याआधीच आत पळालेली नात. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या बोटांकडे लक्ष गेलं. टपोरा दाणा नातीच्या तळहातावर जात होता, किडका त्यांच्या तोंडात.

"तात्या, किडके कशाला खाताय?"

"मग टाकायचं व्हय? पोरीला चांगलं द्यावं, ऱ्हायल्यालं आपुन खावं."

पर्समध्ये तपासणीची एक रिकामी डबी उरली होती. ती त्यांच्यापुढं ठेवताना मला रडू फुटलं.