चार खुर्च्यांची पाळी

सुजाताचा फोन आला तेव्हा माझ्या दोन्ही हातांत चपला होत्या. सकाळचे साडेसहा वाजले होते. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर आरामात बसलो होतो, मोबाईल समोरच्या खिडकीत उभा केला होता आणि हातातल्या चपला फरशीवर आळीपाळीनं आपटायच्या तयारीत होतो. रोज याच वेळी कॅनडातून मल्लेशमचा फोन यायचा. अंगठ्यानं बटण दाबलं आणि त्यानं विचारायच्या आतच चपला आपटत मी म्हणालो, "चालतोय रं बाबा, चालतोय. कवाच सुरू केलंय." पलीकडून त्याची मुलगी सुजाता बोलली, "काका, नाना गेले." तिकडच्या दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. "तुम्ही याच वेळी वाट बघता, म्हणून आत्ता केला," असंही ती म्हणाली. फोन बंद झाल्यावर बायको म्हणाली, "त्या चपला खाली ठिवा आदी."

त्याला आता सहा आठवडे होतील. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं असं म्हणतात, आणि मी बोलणारही आहे, पण मल्लेशम हा माणूस आयुष्यभर माझ्या डोक्याला ताप होता हे लपवून काय लिहिणार? एकतीस वर्षं कारखान्यात आणि शेवटची दोन वर्षं फोनवरून त्यानं मला सुखानं बसू दिलं नाही. आणि आता तो नाही, तर मला बसवत नाही. हा ताप तर त्याच्याही वरचा.

आम्ही जोडीदार होतो. यंत्रमागावर काम न केलेल्यांसाठी सांगतो. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या कारखान्यात एका कामगाराकडे चार माग असायचे, दोन समोर, दोन पाठीमागं, आणि मधे जेमतेम एक माणूस वळेल एवढी गल्ली. त्याच चार मागांवर दिवसपाळीला एक जण आणि रातपाळीला दुसरा, ते एकमेकांचे जोडीदार. आठवड्यानं पाळ्या उलट व्हायच्या. म्हणजे आम्ही एकतीस वर्षं एकाच जागी काम केलं आणि एकत्र असं कधीच केलं नाही. भेट व्हायची ती पाळी बदलताना, दहा मिनिटं. पाळी बदलताना माग बंद करायचे नाहीत, हा आमच्यातला नियम. येणारा गल्लीत येऊन उभा राहिला की जाणाऱ्यानं म्हणायचं, "चारी चालू हायत." येणाऱ्यानं म्हणायचं, "घेतले." मगच पहिल्यानं पाय बाहेर काढायचा. जोडीदार आला नाही तर माग सोडून जायचं नाही, मग घरी काही का जळत असेना.

माझ्याआधी वर्षभर हा तिथं होता आणि जातिवंत विणकराच्या घरातला. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखी मराठी. मी मोहोळकडचा, शेरडांमागं फिरलेला. त्यामुळं मला काही येत नाही हे त्यानं पहिल्या दिवशी ठरवून टाकलं आणि शेवटपर्यंत मत बदललं नाही. मी नुसतं "घेतले" म्हटलेलं त्याला चालायचं नाही. चारी मागांना वळसा घालायला लावायचा, वाकून तारा, म्हणजे ताण्याचे धागे, बघायला लावायचा, माझ्या गाठी सैल आहेत म्हणून कानाशी तोंड आणून ओरडायचा. रात्रभर जागलेला माणूस, डोळे तांबारलेले, आणि हा मला गाठ मारायला शिकवणार. पण त्याच दहा मिनिटांत माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, त्याची सुजाता बारावीला पहिली आल्याचा पेढा मी खाल्ला आणि मला साखरेचा आजार निघाल्याचं बायकोच्या आधी त्याला कळलं. इतरांच्या मैत्रीला कट्टे असतात, हॉटेलं असतात. आमच्या मैत्रीला दीड हात रुंदीची गल्ली होती आणि त्यात मागांचा खडखडाट.

कारखाना सुटल्यावर, त्याची बायको गेल्यावर तो घरी एकटाच असायचा. मी रोज संध्याकाळी जायचो. तीनएक वर्षांपूर्वी असाच गेलो, तर हा जिन्याच्या पायथ्याशी पडलेला. खुब्याचं हाड मोडलेलं आणि दुपारपासून तिथंच. मला बघून पहिलं वाक्य काय बोलावं? "उशीर केलास, शिरपती." ऑपरेशन झालं, सुजाता आली आणि त्याला टोरांटोजवळच्या आपल्या घरी घेऊन गेली. तिचं बरोबरच होतं. मी निरोप द्यायला गेलो तेव्हा हा खुर्चीत बसून माझ्याकडं बघत होता आणि पहिल्यांदाच त्याला माझी एकही चूक सापडत नव्हती.

तिथं चार-पाच महिने बर्फ. बाहेर पाऊल टाकायची भीती, दिवसभर घरातले सगळे कामावर. खुबा आखडला, वजन वाढलं, बोलणं कमी झालं. व्यायाम शिकवायला एक बाई घरी यायच्या. त्यांनी आठ चित्रांचा एक कागद दिला. पाय असा उचला, हात तसा ताणा. सुजातानं रंगीत रबरी पट्ट्या आणल्या, खुर्चीत बसून मारायचं पायडल आणलं. मल्लेशमनं कागद फ्रिजवर चिकटवला आणि पट्ट्यांवर लुंगी वाळत घातली. मला म्हणाला, "बसून सायकल मारायची आनि जायाचं कुटंच न्हाय. ह्येला काय काम म्हनत्यात व्हय?"

मग एक दिवस सुजातानं मला व्हिडिओ पाठवला. खाली घाबरून लिहिलेलं, "काका, नाना रोज तळघरात हे करतात. डोक्यावर परिणाम तर नाही ना झाला?" तळघरात चार जुन्या खुर्च्या मांडल्या होत्या, दोन समोर, दोन पाठीमागं. मधल्या गल्लीत स्वेटर-लुंगीतला मल्लेशम. डावीकडं बघितलं, वळला, मागच्या खुर्चीशी गेला, वाकला, बोटांनी हवेत गाठ मारली, सरळ झाला, हात वर करून माग चालू करायचा दांडा ओढला, पुन्हा वळला. मी तो व्हिडिओ तीनदा बघितला आणि तिला कळवलं, "डोकं ठीक आहे. तो पाळीवर आहे." व्यायामाच्या बाईंनी उभं राहून हा प्रकार बघितला म्हणे, आणि त्या म्हणाल्या, करू द्या, माझी आठही चित्रं यात आली.

हे इथवर छान होतं. पण एकटा सुधारेल तर तो मल्लेशम कसला? त्याला नारळी पौर्णिमेला सोलापुरात यायचं होतं, विणकरांच्या मार्कंडेय देवाच्या रथामागं चालायला, आणि मग इथंच आपल्या घरात राहायचं होतं. सुजातानं दोन अटी घातल्या. नानांनी न थांबता अर्धा तास चालून दाखवायचं, ही पहिली. दुसरी मला फोनवर सांगितली, "काका, तिथं त्यांच्याकडे तुम्हीच बघणार. तुम्ही स्वतः धड असाल तरच मी पाठवीन." माझी साखर तिला माहीत होती. झालं, मल्लेशमनं फर्मान काढलं. त्याची संध्याकाळ ती माझी सकाळ. जेवण झालं की तो तळघरात उतरणार, मी इथं खुर्च्या मांडायच्या, फोन चालू ठेवून दोघांनी अर्धा तास चालायचं. शेवटी तो म्हणणार, "चारी चालू हायत." मी म्हणायचं, "घेतले." त्याचा दिवस संपला, माझा सुरू. उन्हाळ्यात त्यांची घड्याळं पुढं सरकतात, तर हा साडेपाचलाच हजर. "अरे, कोंबडं तरी आरवू दे," म्हटलं तर म्हणायचा, "पाळी म्हंजे पाळी."

मी पंधरा दिवस चाललो. खरंच चाललो. मग टाच दुखायला लागली, मग टाच थांबली, पण कंटाळा काही थांबला नाही. आयुष्यभर पायांवर उभा राहिलो, आता म्हातारपणी खुर्च्यांभोवती काय फिरायचं? मोबाईलचा कॅमेरा बिघडलाय असं त्याला सांगितलं आणि बसून चपला वाजवायला लागलो. लय चांगली सापडली होती. मधूनमधून धापाही टाकायचो. बायको भांडं आपटून आत जायची. सुजातानं तिकडून विचारलं की मी म्हणायचो, "रोज अर्धा तास, न चुकता." तिनं जुलैचं तिकीट काढलं ते, मी समजत होतो, त्याच्या चालण्यावर आणि माझ्या चपलांवर.

फेब्रुवारीत, सुजाताचा तो फोन आला त्याच्या आदल्या दिवशीही असंच झालं. त्यानं बेचाळीस मिनिटं घेतली. मी वैतागून म्हणालो, "आता बास की." तो म्हणाला, "दोन नंबरला तार तुटली व्हती, जोडून दिली. तुला न्हाय जमत." मग नेहमीचं, "चारी चालू हायत." मी बसल्या बसल्या म्हणालो, "घेतले." झालं एवढंच. इतकी वर्षं ज्यानं मला वाकून बघितल्याशिवाय घेऊ दिलं नाही, त्यानं त्या दिवशी मला बिनबोभाट सोडलं.

तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात सुजाता सोलापूरला आली. घर उघडलं, पुढचे विधी केले. मी दोन दिवस तिला टाळलं आणि तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं. सुजाता, मी चालत नव्हतो. तुला खोटं सांगितलं, त्यालाही. तो आला असता तर माझ्याच्यानं त्याला एक जिना चढवला गेला नसता. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "काका, नानांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं."

कसं, म्हणून विचारलं. ती म्हणाली, "ते म्हणाले, चालनारा मानूस वळतो. वळला की पावलाचा आवाज बदलतो. शिरपतीचा आवाज एकाच जाग्यावरनं येतोय." शंभर मागांच्या खडखडाटात आपला एक माग थांबला तर ज्याला पाठमोरं कळायचं, त्याला मी चपला वाजवून फसवत होतो. माझ्यासारखा शहाणा मीच.

"मी त्यांना म्हटलं, मग सांगा की काकांना," सुजाता म्हणाली. "तर म्हणाले, सांगितलं तर फोन उचलायचा न्हाय त्यो. बसलेला का असंना, जाग्यावर हाय की." मग ती म्हणाली, "मी म्हटलं, नाना, काका असे असतील तर मी तुम्हाला कशाच्या भरवशावर पाठवू? तेव्हा ते म्हणाले, त्यो मला काय बघतोय? मीच त्येला बघाया चाललोय. म्हनून तर चालायलोय."

मला काय वाटलं ते साधं सांगतो. मला त्याचा भयंकर राग आला. समोर असता तर चपलेनंच मारलं असतं. ऐंशीकडं झुकलेला माणूस, मोडलेला खुबा, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि हा तळघरात वाकतोय, उठतोय, वळतोय, कशासाठी? तर सोलापुरात एक जण खुर्चीत बसून फुगतोय, त्याला उठवायला कुणीतरी पाहिजे. आणि एवढं करून, अर्ध्या तासाचा पाऊण तास करून, तिकीट हातात आल्यावर गेला. असा कसा गेला, जोडीदार यायच्या आधी माग सोडून, हे मी घोकत होतो. घरी आल्यावर घास तोंडात घेताना लक्षात आलं की तो काही सोडून गेलेला नाही. त्यानं रीतसर सांगितलं होतं, चारी चालू हायत. घेतले म्हणणारा मी होतो. मी जेवलो नाही, रडलो. बायकोनं ताट झाकून ठेवलं.

सुजातानं जाताना सांगितलं, तळघरातल्या खुर्च्या अजून तशाच आहेत, कपडे वाळत घालायला उतरली की ती त्या गल्लीतूनच जाते. माझ्याकडं सारख्या चार खुर्च्या नाहीत. दोन प्लास्टिकच्या, एक लोखंडी, एक स्टूल. त्या मी बाहेरच्या खोलीत मांडल्यात आणि रोज साडेसहाला त्यांच्यामधे उभा राहतो. फोन येत नाही. टाच दुखते, गुडघा कुरकुरतो, वळताना भिंतीला हात लावावा लागतो आणि मी त्याला मनसोक्त शिव्या देत वाकतो, गाठ मारतो, दांडा ओढतो. दहा मिनिटांपासून सुरुवात केली, आता पंचवीस होतात. अडचण शेवटी येते. थांबायचं कसं? आमच्यात कुणी घेतल्याशिवाय सोडायची रीत नाही आणि माझ्या जोडीदाराची पाळी आता येणार नाही. म्हणून थांबावं तिथं मी आणखी दोन फेऱ्या मारतो, मग आणखी दोन.

परवा असाच रेंगाळलो होतो. घाम निथळत होता. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती, कधीची कोण जाणे. पदराला हात पुसत आली, स्टूल पायानं जरा बाजूला केलं आणि गल्लीत माझ्या समोर येऊन उभी राहिली. मी तिच्याकडं बघितलं. काय सुचलं कोण जाणे, म्हणालो, "चारी चालू हायत." ती माझ्यावर वैतागलेलीच होती, तशाच आवाजात म्हणाली, "घेतले. जावा आता, च्या गार व्हायलाय."