फाटकवालीच्या चार ओळी

तिला फाटकवाली हे नाव बायपासने ठेवलं, आणि त्याला बायपास हे नाव तिने. फिट्टंफाट! ऑफिसात दोघांची खरी नावं फक्त पगाराच्या दिवशी निघत.

कंपनी लिफ्टचे कंट्रोल बोर्ड बनवायची. लिफ्टच्या खोलीत, तारांच्या गुंत्यामागे तळहाताएवढी हिरवी पाटी असते ना, ती. कुठल्या मजल्यावर थांबायचं, दार कधी उघडायचं, सगळं तिच्यातला प्रोग्राम ठरवतो. फाटकवाली इथे आली ती बोर्डाची बटणं दाबून तपासायला. दिवसभर वर-खाली, वर-खाली. दुसरी कोणी असती तर कंटाळून गेली असती. ही तिथेच चिकटली, बटणामागचा प्रोग्राम कसा तयार होतो ते विचारत सुटली, आणि विचारता विचारता एक दिवस तो तयार करण्याची यंत्रणा सांभाळायचं सगळं कामच तिच्या गळ्यात पडलं. पडलं म्हणजे काय, तिने ते ओढूनच घेतलं. बाई हट्टी! घरी आई म्हणायची, "हिला नाही म्हणून बघा एकदा, मग कळेल."

आता या कामात एक गोम आहे, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. प्रोग्राम लिहिला जातो टेबलावरच्या मोठ्या मशीनवर, पण चालतो त्या छोट्या बोर्डावर. दोघांची मापं वेगळी. मोठ्या मशीनवर एखादा आकडा आठ घरं अडवून बसतो, बोर्डावर तोच चारांत मावतो. म्हणून बोर्डासाठी प्रोग्राम बांधताना, म्हणजे लिहिलेलं यंत्राला कळेल असं करताना, बोर्डाच्याच फाईली वापरायच्या. मोठ्या मशीनच्या फाईली चुकून आत शिरल्या तर प्रोग्राम बांधला जातो, टेबलावर चालल्यासारखाही दिसतो, आणि बाहेर जाऊन माती खातो.

हे होऊ नये म्हणून कंपायलरच्या, म्हणजे ही बांधणी करणाऱ्या प्रोग्रामच्या, अंगावर आणखी एक छोटा प्रोग्राम चढवलेला होता. त्याला रॅपर म्हणत, आणि हे फाटक सांभाळायची ती, म्हणून फाटकवाली. कोणी मोठ्या मशीनचा फोल्डर मागितला की रॅपर सगळं काम तिथल्या तिथे थांबवायचा आणि पडद्यावर एकच लाल ओळ टाकायचा: "असुरक्षित मार्ग. काम थांबवले." बस्स! कोणी मागितला, कशासाठी, आता पुढे काय करायचं, काही नाही. तोंडावर दार आपटून आत निघून जायचा.

मग माणसं काय करणार? हाक मारायची, "फाटकवाली, अगं ये ना जरा!" ती खुर्ची ढकलून उठायची, पडद्यावर वाकायची, आणि तेच तेच सांगायची. कुठला भाग बांधतोयस? कुठली फाईल चालू होती? हा शब्द काढ, झालं. ती जागेवर नसली की मात्र बायपासची युक्ती होती. एक शब्द टाकला की रॅपरची तपासणीच बंद, म्हणून तो बायपास. हात भारी चालायचा पठ्ठ्याचा. माणूस वाईट नव्हता हं, पण थांबणं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. त्याची ती युक्ती सगळ्या ऑफिसने उचलली.

आणि एकदा ती अंगाशी आलीच. एका इमारतीतली लिफ्ट मजल्यांचा हिशेब चुकली आणि दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. दुरुस्तीवाल्यांबरोबर फाटकवालीही गेली. आत एक म्हातारी बाई होती, काठीवाली. दाराच्या फटीतून तिचा आवाज येत होता, "अहो, कोणी आहे का? माझे पाय दुखतायत हो." फाटकवाली फटीला तोंड लावून तिच्याशी बोलत राहिली, नातवंडं किती, काय शिकतात, काय वाट्टेल ते. बाई सुखरूप निघाली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण बोर्ड परत आणून उघडला तेव्हा आत मोठ्या मशीनची मापं सापडली. तो प्रोग्राम बायपासने बांधला होता, तपासणी बंद करून.

आता कोणालाही वाटेल, यानंतर तपासणी आणखी कडक झाली असेल. छे! उलटंच झालं. साहेबांनी मीटिंग बोलावली आणि म्हणाले, "ही तपासणी असून उपयोग काय झाला? सगळे ती बंदच करतात, आणि जे करत नाहीत त्यांचे दिवस वाया जातात. काढूनच टाकू. त्यापेक्षा शेवटी बोर्डच नीट तपासू."

"सर, शेवटी तपासून हे सापडत नाही," फाटकवाली म्हणाली. "आत्ताही कुठे सापडलं?"

"मग करायचं काय?"

"तपासणी चुकीची नाही. तिचं बोलणं चुकीचं आहे. मला ते बदलू द्या."

बायपास हसला. "म्हणजे शिव्या खायच्याच, फक्त गोड शब्दांत?"

साहेब माणूस सरळ, पण घाईचा. त्यांनी सौदा केला. "बदला. मग एक आठवडा कोणी तपासणी बंद करायची नाही, आणि तुम्ही कोणाच्या टेबलापाशी जायचं नाही. लोकांचं तुमच्यावाचून अडलं, तर तपासणी जाणार. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली, आणि म्हणताच तिला ती काठीवाली बाई आठवली. ही तपासणी गेली की पुढची म्हातारी कुठल्या दोन मजल्यांमध्ये अडकेल आणि तेव्हा ती सुखरूप निघेल की नाही, हे कोणालाच सांगता येणार नव्हतं.

पहिला मसुदा तिने घरी लिहिला आणि जेवताना आईला वाचून दाखवला. आई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. कॉम्प्युटरचं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण रागाचा वास तिला लांबून यायचा.

"धोका! हे करणे अत्यंत चुकीचे आहे! यामुळे बोर्ड निकामी होऊ शकतो!" फाटकवालीने वाचलं.

"कोणावर चिडलीयेस?" आईने विचारलं.

"कोणावर नाही. संदेश आहे तो."

"मग संदेशाला सांग, जरा पाणी पी." आईने ताटात भाजी वाढली. "अगं, चुकलेल्या माणसावर ओरडलं की तो आधी घाबरतो, मग चिडतो, आणि मग ऐकतच नाही. इतकी वर्षं पेशंट बघितलेत मी. आता काय करायचं तेवढं सांगावं त्याला."

दुसऱ्या मसुद्यात तिने सगळं सांगितलं. मापं वेगळी का असतात, फाईली कुठे असतात, आत कशा शिरतात. वाचून बायपास म्हणाला, "ही काय पोथी आहे? पारायणाला बसवतेस का आम्हाला?" तिला राग आला. चांगलाच आला. पण तो पडद्यावर नजर फिरवत होता तेव्हा तिने त्याचे डोळे पाहिले होते. तिसऱ्या ओळीनंतर त्याने वाचणं सोडलं होतं. मग रागावून काय करणार?

ती विचार करायला लागली, मी कोणाच्या टेबलापाशी गेले की बोलते काय? पोथी तर नाही सांगत. तीन प्रश्न विचारते आणि एक शब्द खोडायला लावते. मग रॅपरने तेवढंच बोलावं की!

बोलायला सोपं. पण रॅपरला बिचाऱ्याला सगळं ठाऊक कुठे असतं? कोणती फाईल बांधतोय आणि कोणता फोल्डर मागितला, हे त्याला दिसायचं. पण हे काम प्रोग्रामच्या कुठल्या भागासाठी चाललंय, त्याचा पत्ता नसायचा. तिने बांधणीतल्या आधीच्या टप्प्यालाच सांगून ठेवलं की कामाला लागताना भागाचं नाव रॅपरच्या कानात घालत जा. वाचायला एक वाक्य आहे हे. करायला तिचा जीव मेटाकुटीला आला. पण जमलं, आणि जमलं तेव्हा तिने जागच्या जागी टाळी वाजवली.

शेवटी पडद्यावर चार ओळी उरल्या:

"'दरवाजा' हा भाग बांधताना थांबलो.
या फाईलसाठी तुमच्या मशीनचा फोल्डर मागितला गेला. हा प्रोग्राम लिफ्टच्या बोर्डासाठी आहे.
त्या भागाच्या मेकफाईलमध्ये खालचा शब्द शोधा आणि काढून टाका.
त्याच्या जागी काही लिहू नका. बोर्डाच्या फाईली मी शोधतो."

मेकफाईल म्हणजे कुठला भाग कसा बांधायचा ते लिहून ठेवलेली फाईल. भागाचं नाव, फाईल आणि तो खालचा शब्द दरवेळी जसा असेल तसा आपोआप येणार. शेवटची ओळ तिने आईच्या सांगण्यावरून घातली नव्हती, पण आईला तीच सगळ्यात आवडली. "हे बरं केलंस," आई म्हणाली, "मी शोधतो म्हणाला."

आठवडा सुरू झाला आणि हाका बंद झाल्या. पहिल्या दिवशी कोणी नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फाटकवालीला आनंद व्हायला हवा होता, पण तिला खात्रीच पटली की मेल्यांनी गुपचूप तपासणी बंद केली असणार. पाणी प्यायच्या निमित्ताने ती सारखी उठायची आणि पडद्यांवर डोळे टाकत जायची. साहेबांनी दटावलं, "फिरू नका." मग ती बसली.

आणि मग बायपासच्या पडद्यावर लाल ओळी उमटल्या.

"झालं सुरू!" तो ओरडला. नव्या बोर्डाचं काम होतं, संध्याकाळपर्यंत द्यायचं. त्याने एका बाजूला मान वळवली. "फाटकवाली, अगं..."

ती अर्धी उठली होती. साहेब दारात उभे होते. ती परत बसली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"नको, नको. थांब," बायपास म्हणाला. त्याची बोटं कळफलकावर होती. तपासणी बंद करायचा तो एक शब्द त्याला झोपेतही टाकता आला असता, आणि कबुली असो नसो, घाईत हा माणूस काय करतो ते तिने वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

त्याने वाचलं. चारही ओळी वाचल्या. तोंडात काहीतरी पुटपुटला, मेकफाईल उघडली, तो शब्द शोधला. स्वतःच घातलेला होता! आपल्या मशीनवरच्या दुसऱ्या कामातून सवयीने उचलून चिकटवलेला. त्याने तो खोडला, काम पुन्हा चालू केलं, ते सुरळीत पुढे सरकलं, आणि तो चहा घ्यायला उठून गेला. तिच्या टेबलावरून गेला, पण एक अक्षर बोलला नाही. साधं "बरंय" म्हणायला काय जात होतं मेल्याचं! तिला हसूही येत होतं आणि त्याला बदडावंसंही वाटत होतं.

आठवड्याच्या शेवटी मीटिंग झाली. साहेबांनी सगळ्यांकडे बघितलं, आणि मग बायपासकडे, कारण तपासणीला सगळ्यात जास्त शिव्या त्यानेच घातल्या होत्या.

"तुझं काय म्हणणं? काढायची ना तपासणी?"

बायपास खुर्चीत मागे रेलून बसला होता. तो सरळ झाला.

"काढायची? का म्हणून?" तो म्हणाला. "नव्या बोर्डात मी परत तीच चूक केली होती, सर. तीच, लिफ्ट अडकवणारी. या वेळी टेबलावरच कळलं मला. अन् दुरुस्त करायला तपासणी बंद करण्याएवढाही वेळ लागला नाही." मग त्याने फाटकवालीकडे बोट केलं. "हिला विचारा, मी हाक मारली का?"

"अर्धी मारलीस," ती म्हणाली.

खोलीभर हशा पिकला. साहेबांनी हात वर केले आणि तपासणी राहिली. फाटकवालीने मान खाली घातली नाही, की उगाच कागद चाळले नाहीत. ती ताठ बसून सगळ्यांकडे बघत तोंडभर हसली. तिला स्वतःचा अभिमान वाटला, आणि तो तिने मुळीच लपवला नाही.