भिंतीच्या आतलं पाणी

मंजुळाबाई जालन्याकडच्या. नवरा जयसिंग चाकणच्या एका कंपनीत वेल्डर होता, म्हणून लग्नानंतर इकडे आल्या आणि पिंपळे गुरवला नदीकाठच्या वसाहतीत दोन खोल्या बांधून राहिल्या. शिफ्टवाल्या पोरांचे डबे त्या करायच्या. जयसिंगला अर्धांगवायू झाला आणि त्याची उजवी बाजू गेली, तेव्हापासून घर डब्यांवर आणि मुलगी स्वरूपाच्या पगारावर चालत होतं.

पावसाळ्यात धरणाचं पाणी सोडलं की लोक सामान घेऊन शाळेत जायचे. जयसिंगला मात्र खाटेसकट चौघांनी उचलून न्यावं लागायचं. त्याला त्याची भारी लाज वाटे. शाळेच्या वर्गात तो भिंतीकडे तोंड करून पडून राही.

म्हणून पूरसंरक्षक भिंत मंजूर झाल्याचं कळलं, त्या दिवशी मंजुळाबाईंनी गल्लीत साखर वाटली. काम सुरू झालं. वरच्या अंगाने भिंत चढत चढत त्यांच्या घरामागून पुढे गेली आणि खालच्या वळणावर थांबली. मिक्सर गेला, मजूर गेले. वळणापासून पुलापर्यंतचा काठ उघडाच राहिला. गल्लीचं पाणी नदीत जायची भिंतीतली मोरीही विटांनी बुजवून ठेवलेली, कारण नदीचं पाणी उलटं आत येऊ न देणारी लोखंडी झडप पुढच्या टप्प्यात होती.

मंजुळाबाई पालिकेच्या कार्यालयात गेल्या. तिथले अभियंता ज्ञानेश साहेब भला माणूस. खुर्ची द्यायचे, पाणी विचारायचे.

"काकू, दुसऱ्या टप्प्याचा निधी अजून आलेला नाही. खर्च वाढलाय, त्यामुळे नवीन मंजुरी लागते."

"आन् तवर पाऊस थांबतोय व्हय, सायेब?"

"मी वर कळवलंय."

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. दर खेपेला साहेबांनी वर कळवलेलंच असे. शेवटी रेतीची काही पोती आली, ती उघड्या काठावर रचली गेली.

जुलैत पाणी आलं ते भरदुपारी. पोती पहिल्या लोंढ्यातच वाहून गेली. उघड्या काठातून पाणी असं घुसलं की जयसिंगला शाळेत न्यायला वेळच उरला नाही. शेजारच्या करिष्माच्या मदतीने मायलेकींनी दोन टेबलं जोडली आणि त्याला वर निजवलं. पाणी टेबलाच्या फळीला लागलं, गादी भिजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदी उतरली. भिंतीवरून वाकून पाहिलं तर पलीकडे काठचा चिखल दिसत होता. वसाहत खालच्या वळणापेक्षाही खोलगट, त्यामुळे आतलं पाणी मात्र कमरेइतकं तसंच होतं. नदीला अडवायला बांधलेल्या भिंतीने आता ते कोंडून धरलं होतं.

जयसिंग तापाने फणफणला होता. ओठ वाकडे होत होते. "मंजुळा, पाय गार पडलं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणे. सुटकेसाठी आलेली बोट अरुंद गल्लीत शिरेना. पालिकेत फोन केला की उत्तर मिळे, पाणी उपसायचा पंप निघालाय.

दुपारपर्यंत पंप आला नाही. मंजुळाबाईंनी माळ्यावरची पहार काढली.

"आई, काय करतेस?" स्वरूपा ओरडली.

"मोरी फोडते."

"पाणी ओढून नेईल तुला!"

"मग दोरी धर."

करिष्माने साडी पिळून तिची दोरी केली आणि त्यांच्या कमरेला बांधली. दुसरं टोक धरून दोघी पोरी मागे, गल्लीतल्या दारूच्या दुकानाच्या जाळीला पाय रोवून उभ्या राहिल्या. गढूळ पाण्यात मोरी दिसेना. मंजुळाबाईंनी पायाने विटा चाचपल्या, पहार खाली लावली आणि अंगाचा भार टाकून ढकलू लागल्या. तळहात सोलले. पहिली वीट हलली, मग एकदम सगळं सुटलं. पाण्याने त्यांना भिंतीवर आपटलं. पोरींनी ओढून काढलं तेव्हा खांदा निखळला होता, पण पाणी घोंघावत बाहेर चाललं होतं.

संध्याकाळी जयसिंगला दवाखान्यात नेता आलं. न्यूमोनिया झाला होता. तिसऱ्या दिवशी तो गेला.

दहावा उरकला आणि ज्ञानेश साहेब एका पोलिसाला घेऊन आले. सार्वजनिक कामाचं नुकसान केल्याची तक्रार होती. साहेबांची नजर जमिनीवरून उठेना.

"काकू, मला वरून आदेश आहे. तक्रार मी नाही केली."

"मी फोडली मोरी. लिवा," त्या म्हणाल्या. उजवा हात झोळीत होता, म्हणून डाव्या हाताचा अंगठा दिला.

त्याच आठवड्यात टेम्पोतून विटा आणि सिमेंट उतरलं. दोन गवंडी मोरी बुजवायला बसले. मंजुळाबाई धावत गेल्या.

"अरे, झडप बसवा ना! परत इटाच का?"

"झडपेचा निधी नाही मावशी. हे दुरुस्तीच्या पैशातून होतंय," गवंडी म्हणाला.

त्यांनी थापीवरचा हात धरला. गवंड्याने तो हळूच सोडवला. मग त्या तिथेच चिखलात बसल्या आणि नवरा गेल्यावरही रडल्या नव्हत्या तशा मोठ्याने रडल्या. बायका जमल्या.

रावेतला खोली बघू, असं स्वरूपा म्हणत होती. पण या खोल्या आता घेणार कोण, आणि डबे कुठून करायचे?

पुढच्या सोमवारी पुराचा इशारा देणारी भोंग्याची गाडी फिरली. धरणातून पाणी सोडणार होते. मंजुळाबाईंनी एका हाताने गॅसची टाकी ओढत टेबलाजवळ आणली आणि ती वर चढवायला करिष्माला हाक मारली.