बेटावर नेलेल्या कडक भाकरी

समुद्र पाहायला निघालेली बाई आठवडाभर आधीपासून भाकरी थापत बसते, हे सोलापुरातच होऊ शकतं. गोजरबाई बसली. सत्त्याहत्तर सालचा मे महिना, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि बाळीवेशीतल्या दीड खोलीच्या घरात ही बाई घामाच्या धारा पुसत चुलीपुढं. एकेक भाकरी पापडागत पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग विस्तवाच्या कडेला उभी करून खणखणीत वाळवायची. अशी कडक भाकरी फडक्यात बांधून आढ्याला टांगली की महिना महिना टिकते. पेठेतली निम्मी घरं गोजरबाईच्या हातची भाकरी विकत नेत. पण ही चळत विकायची नव्हती. ही मैत्रिणींसाठी होती.

मैत्रीण म्हणजे वच्छला. बाकीच्या दोघी, कमलम्मा आणि मीनाबाई, वच्छलाच्या मैत्रिणी, म्हणून आपल्याही, असा गोजरबाईचा साधा हिशेब होता. माहेरी, कानडी सीमेवरच्या दुधनीला, वच्छलाचं आणि तिचं घर एका भिंतीचं. चौथीपर्यंत शाळा एक, पाटी एक, डोक्यातल्या उवासुद्धा एकमेकींच्या. पुढं वच्छलाला ओव्हरसिअर नवरा मिळाला आणि गोजरला गिरणीतला धोंडप्पा. ओव्हरसिअर चढत चढत इंजिनियर झाला, त्याचा सात रस्त्याला बंगला झाला. धोंडप्पा होता त्याच खात्यात राहिला, फक्त खोकला वाढला. तरी दर शुक्रवारी दुपारी गोजरबाई बंगल्यावर जायची, झोपाळ्यावर वच्छलाला खेटून बसायची आणि दोघी कानडीतून मनसोक्त गप्पा हाणायच्या. वच्छलाच्या सासूला कानडी येत नव्हती, त्यामुळं गप्पांना आणखी चव. गोजरबाई तिला 'वच्छे' म्हणायची. अख्ख्या सोलापुरात इंजिनियरच्या बायकोला असं म्हणणारी दुसरी कुणी नव्हती, आणि या गोष्टीचा गोजरबाईला भलता तोरा होता.

बेटावर जायचं ठरलं ते त्याच झोपाळ्यावर. मालवणच्या पुढं समुद्रात एक लहानसं बेट, त्यावर वच्छलाच्या नवऱ्याच्या ओळखीच्या कंत्राटदाराची माडांची बाग, बागेत कौलारू घर. कमलम्माच्या घरचा चादरींचा कारखाना, तेव्हा कारखान्याची मॅटडोर आणि ड्रायव्हर तिच्याकडून. मीनाबाई शाळेत शिकवायच्या, त्यांना सुट्टीच होती. नवरे नकोत, पोरं नकोत. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, शनिवार-रविवार बेटावर आणि सोमवारी घरी.

"तिघीच?" मीनाबाईंनी विचारलं.

"तिघी कशाला? ही आपली गोजर आहे की," वच्छला म्हणाली.

एवढं एक वाक्य पदरात बांधून गोजरबाई घरी आली. येताना वाटेत भेटेल त्याला तिनं ते ऐकवलं. धोंडप्पालाही ऐकवलं. तो कामावरून येऊन भिंतीला टेकला होता.

"तुला भाकऱ्या बडवाय नेत्यात त्या," तो म्हणाला. "दुसरं काय न्हाय."

"तोंड सांबाळा! वच्छी माजी मैत्रीण हाय."

"आसंल की. मग भाकऱ्या कोन करनार तितं? इंजिनेरची बायकू?"

"कुनीच न्हाय करनार. मी हितनंच कडक भाकरी करून नेतीय, शेंगाची चटनी नेतीय. दोन दिस चूलच पेटवायची न्हाय. मग काय म्हनाल?"

धोंडप्पा नुसता खोकला. पण त्या घटकेपासून गोजरबाईच्या डोक्यात हट्ट शिरला. ती भाकरी म्हणजे तिचा पुरावा होता. चुलीशिवाय दोन दिवस मैत्रिणींच्या रांगेत बसून दाखवायचं आणि परत येऊन या माणसाचं तोंड बंद करायचं. म्हणून ते एवढं थापणं.

शुक्रवारी मॅटडोर बंगल्यासमोर उभी राहिली. गोजरबाईच्या काखेत भाकरीचं गाठोडं पाहून कमलम्मानं बंगल्यातून झाकणाचा पत्र्याचा डबा मागवून पुढं केला. "ह्यात भरा गोजरबाई. दर्याची हवा येगळी असतीय म्हनं."

गोजरबाई हसली. भाकरीतलं तिला कुणी शिकवायचं म्हणजे काय! "डब्यात घातली की भाकरीला घाम फुटतोय कमलम्मा. हिला वारं लागाय पायजे. वाऱ्यानंच ऱ्हाती ती कडक." कमलम्मानं डबा परत आत पाठवून दिला.

सकाळी मालवण आलं आणि गोजरबाईनं समुद्र पाहिला. सोलापूरच्या माणसाला पाणी म्हणजे घागर, फार तर सिद्धेश्वराचं तळं. पाच वर्षांमागच्या दुष्काळात हीच बाई टँकरपुढं कळशी घेऊन भांडली होती. होडीत बसल्यावर ती वच्छलाचा हात घट्ट धरून कानडीतून म्हणाली, "वच्छे, हे संपतं कुठं गं?" वच्छलाही लहान पोरीसारखी हसली. तिनंही हात सोडला नाही, होडी किनाऱ्याला लागेपर्यंत दोघी तशाच बसून राहिल्या. हे सांगायलाच हवं, कारण गोजरबाईला वेड लागलेलं नव्हतं. तिनं जे मानलं होतं त्याला काही आधार होता.

बेटावर बागेची राखण करणारी येसूबाई होती. तिनं घर झाडून ठेवलं होतं. गोजरबाईनं आल्या आल्या सगळ्या घराला फेरी मारली आणि भाकरीचं गाठोडं टांगायला सगळ्यात मोकळी जागा शोधून काढली. समुद्राकडची पडवी. तिथं वारा नुसता भणभणत होता. तिनं आढ्याच्या वाशाला गाठोडं बांधलं आणि निर्धास्त झाली. दुपारी मीनाबाईंनी आणलेल्या दशम्या खाऊन चौघी एका ओळीत चटईवर आडव्या झाल्या. चटईवर तिची जागा वच्छलाच्या शेजारी होती. गिरणीतल्या नवऱ्याला सांगायला एवढं खूप होतं.

संध्याकाळी पाण्यात जायचं ठरलं. त्याआधी थोडं खाऊ म्हणून गाठोडं सोडलं. गोजरबाईनं वरची भाकरी उचलली आणि ती हातात ओल्या फडक्यासारखी लोंबली. दुसरी काढली, तीही तशीच. खालच्या तर आणखी वाईट. तिनं घाईघाईनं सगळी चळत उलटीपालटी केली. एकही भाकरी मोडत नव्हती, नुसती वाकत होती. सोलापुरात ज्या वाऱ्यानं भाकरी कडक राहते, त्याच वाऱ्याच्या तोंडाशी तिनं ती नेमकी नेऊन टांगली होती. फक्त हा वारा खारा आणि ओला होता.

मीनाबाईंनी एक तुकडा दातांत धरून ओढून पाहिला. "बाई गं, चप्पल आहे की काय ही!" सगळ्या खळखळून हसल्या. गोजरबाईही हसली, न हसून करते काय. आठ दिवसांचा घाम वाया गेल्याचं तिला वाईट वाटलंच, पण ते दुःख अजून साधंच होतं.

"असू दे गं, त्यात काय," वच्छला म्हणाली. "पीठ आणलंय."

ड्रायव्हरनं सकाळी उतरवलेल्या सामानातलं एक पोतं तिनं ओढून आणलं. त्यातून स्टोव्ह निघाला, रॉकेलचं कॅन निघालं, ज्वारीचं पीठ निघालं, परात निघाली. आणि शेवटी तवा. नवाकोरा, बिडाचा, गोजरबाई वापरायची तसला.

गोजरबाई तव्याकडं बघत राहिली. भाकरी वातड होणार हे तिला, जन्मभर भाकरी केलेल्या बाईला, कळलं नव्हतं. मग या तिघींना सोलापुरातच कसं कळलं होतं? कळलं नव्हतंच. भाकरी टिकली असती तरी पोतं असंच सुटणार होतं.

"वच्छे, तवा कशाला आनला गं?"

"अगं, असावा आपला. गरम भाकरीची मजा वेगळी असते की. आणि तुझ्या हातची!" वच्छलानं तिच्या गालाला हात लावला, आणि तिघी पदर खोचून पाण्याकडं पळाल्या.

गोजरबाईनं स्टोव्ह पेटवला. स्वयंपाकघर बागेच्या बाजूला होतं, तिथून समुद्र दिसत नव्हता. लाटांचा आवाज यायचा आणि मधूनच मैत्रिणींची किंकाळी. ती भाकरी थापत राहिली. तिनं मनाची समजूतही घातली: चूक माझीच, डबा घेतला असता तर ही वेळ आली नसती. माणूस अशा वेळी स्वतःवर आळ घ्यायला किती तयार असतो! रात्री तिघींनी गरम भाकरी बोटं चाटत खाल्ली, आणि ही शेवटी स्टोव्हपाशीच बसून जेवली.

रविवारी सकाळी पुन्हा तेच. पीठ मळता मळता तिला खिडकीबाहेर येसूबाईचा आवाज आला. ती नारळ सोलत होती आणि वच्छला पाणी पीत उभी होती.

"ती आत आसा ती कोण गो बाय? तुमच्यातलीच?"

"ती होय? आमच्या गोजरबाई. स्वयंपाकाला आणल्यात," वच्छला म्हणाली. "हात फार छान आहे त्यांचा."

बस्स, इतकंच. वच्छलाच्या आवाजात हेटाळणी नव्हती, चोरटेपणाही नव्हता. विचारलं तसं तिनं सरळ सांगून टाकलं होतं. टोमणा मारला असता तर गोजरबाईनं बाहेर जाऊन तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण तिनं चक्क कौतुक केलं होतं, आणि कौतुकावर भांडायचं कसं? आजवर वच्छलानं तिला 'अहो-जाहो' केलं नव्हतं, आणि आज परक्या बाईपुढं केलं ते मान द्यायला नव्हे, लांब सारायला.

थोड्या वेळानं वच्छला दारात आली. "चल गं गोजर, आज तरी पाण्यात ये. आलीस काय नि बसलीस काय. राहू दे त्या भाकरी."

"नगं. तव्यावर भाकरी हाय," गोजरबाई म्हणाली. मान वर न करता.

आता आपल्याकडची रीत सांगायला नको. पहिल्या बोलावण्याला कुणी उठतं का? जेवायला वाढताना नको म्हणणाऱ्याचा हात धरतात, दारातून निघालेल्याला तीनदा थांबवतात. दुधनीत वच्छला भांडून रुसली की गोजर तिला खेचून बाहेर काढायची. गोजरबाई तव्यावरची भाकरी उलटत वाट पाहत राहिली. वच्छलानं आणखी एकदा म्हटलं असतं, नुसतं 'ये की गं' म्हटलं असतं, तर ती पिठाच्या हातांनी धावली असती.

"बरं मग, तुझी मर्जी," वच्छला म्हणाली आणि गेली. भाकरी करपली. गोजरबाईचा हात तव्याला लागून मनगटाजवळ चांगला भाजला.

असा तिचा समुद्र. होडीतून जाताना एकदा आणि होडीतून येताना एकदा. येताना तिनं तोंड किनाऱ्याकडं करून घेतलं होतं.

बाळीवेशीत मात्र तिनं सगळ्यांना निराळंच सांगितलं. गुडघाभर पाण्यात उभ्या राहिलो, लाट आली की एकमेकींना धरायचो, वच्छी तर पडलीच. शेजारणी तोंडात बोट घालून ऐकत होत्या. धोंडप्पानंही ऐकलं. ऐकता ऐकता त्याची नजर तिच्या मनगटावर गेली.

"हे काय झालं?"

"गाडीच्या इंजनाला हात लागला."

त्यानं तो फोड नीट पाहिला, मग तिच्या तोंडाकडं पाहिलं. त्याला कळलं हे तिला कळलं. "मलम लाव," एवढंच तो म्हणाला. त्यानं हिणवलं असतं तर बरं झालं असतं. त्याची दया तिला चटक्यापेक्षा झोंबली.

पुढच्या शुक्रवारापर्यंत तिनं मनाशी एक ठरवलं. वच्छीशी भांडायचं. पण उगाच जाऊन भांडता येत नाही, त्याला निमित्त लागतं. तर आपण दारात उभं राहून तिला 'बाईसाहेब' म्हणायचं. ती दचकेल, चिडेल, चिमटा काढून कानडीत शिव्या देईल, 'डोकं फिरलं का गं तुझं' म्हणेल. मग आपणही सगळं ओकून टाकू, दोघी रडू, आणि विषय संपेल. तिला माफी नको होती. तिला फक्त शिव्या हव्या होत्या.

शुक्रवारी ती बंगल्यावर गेली. झोपाळ्यावर वच्छला एकटीच भाजी निवडत होती. गोजरबाई पायरीवर थांबली.

"बाईसाहेब, येऊ का आत?"

वच्छलानं मान वर केली आणि क्षणभर तिच्याकडं पाहत राहिली. तिला ऐकू आलं होतं. नीट ऐकू आलं होतं. मग बरेच दिवस अवघडून बसलेल्या माणसाला एकदाचे पाय मोकळे करता यावेत, तसा तिचा चेहरा सैलावला.

"या गोजरबाई, या," ती मराठीतच म्हणाली. "बरं झालं तुम्हीच आलात. थोरल्याचा साखरपुडा ठरलाय, चाळीसेक माणसं होतील. दोन दिवस आधीपासून याल ना?"

झोपाळ्यावर शेजारी जागा होती. तिनं भाजीची टोपली त्या जागेवर सरकवली.

"येईन की," गोजरबाई म्हणाली, आणि बंगल्याला वळसा घालून मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेली.