कंट्रोलर काकांचं बर्मिंगहॅम

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मला जेवण जाणार नाही! आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका, म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, सायलीचे बाबा, यांना बर्मिंगहॅम जेवढं पाठ आहे ना, तेवढं तिथे जन्मलेल्या माणसालाही नसेल. आणि काका अजून विमानात बसलेले नाहीत! आयुष्यभर नाशिकच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. माइकवरून अख्ख्या जगाला निफाड, नांदगाव, सुरगाण्याला धाडलं, स्वतः मात्र गावातल्या गावात सातपूरला जायचं तरी पाण्याची बाटली आणि डबा घेऊन निघतात.

झालं असं की सायली तिकडे शिकायला गेली आणि तिसऱ्याच आठवड्यात फोनवर रडायला लागली. "बाबा, नुसतं कॉलेज आणि खोली. बोलायलाच कुणी नाही. मी परत येते." मी तिथेच बसले होते. काकू डोळे पुसत होत्या. काका शांतपणे म्हणाले, "ये की. पण एवढी लांब गेलीस तर तिथलं बघून तरी ये. मी यादी करतो. यादी संपली की लगेच तिकीट काढू." बास! त्या दिवशी काका जे मोबाइलमध्ये शिरले ते अजून बाहेर आलेले नाहीत. हॉलमधला टीव्ही सरकवून भिंतीवर बर्मिंगहॅमचा नकाशा लागला. कुठली लायब्ररी किती वाजता उघडते, तिच्या गच्चीवर बाग आहे, बसायला बाक कुठे, सगळं तोंडपाठ.

दर रविवारी दुपारी तीनला व्हिडिओ कॉल, आणि काकांचा थेट माइकवाला आवाज: "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे! आजची ड्युटी, कालव्याच्या कडेने सराफ बाजार!" तिथे दागिने घडवणाऱ्यांची जुनी वस्ती आहे, तिचं काकांनी परस्पर बारसं करून टाकलेलं. सायलीने जागेवरून फोटो पाठवायचा, तीच हजेरी. एकदा बाजारातल्या ब्राँझच्या भल्यामोठ्या बैलाचा फोटो आला तर काका ओरडलेच, "बघा! आपल्या नाशिकच्या कपालेश्वराच्या देवळात महादेवासमोर नंदी का नाही, विचारतात. कसा असेल? तो इथे येऊन उभा राहिलाय!" काकू म्हणाल्या, "अहो, देवाला तरी सोडा." जवळच्याच डडली गावचा किल्ला बघायला पाठवलं तेव्हा तर कहर. "परतीची शेवटची गाडी विचारून ठेव, नाहीतर मुक्कामी अडकशील." सायली म्हणे, "बाबा, इथे सारख्या बस असतात." "सुरगाण्याचे जीपवालेही असंच सांगतात!"

शेजारच्या कॉव्हेंट्री शहरातल्या फोटोवर मात्र काका अडकले. महायुद्धात बॉम्बने छप्पर उडालेलं जुनं चर्च तसंच ठेवलंय, शेजारी नवीन बांधलंय. बराच वेळ फोटो मोठा करून बघत होते. मला म्हणाले, "यात ती हसतेय बघ."

आणि यादी! सुरुवातीला अकरा ठिकाणं होती. मागच्या महिन्यात मी मोजली तर सव्वीस! संपत आली की काका गुपचूप दोन-तीन वाढवायचे. मी म्हटलं, "काका, ही चीटिंग आहे." तर म्हणे, "जादा गाडी सोडली गं. अडचणीच्या दिवसांत सोडावी लागते."

तर आज! तीन वाजले, काकांनी घसा साफ केला, आणि सायलीच आधी बोलली, "बाबा, आजची ड्युटी रद्द. आम्ही सगळ्या मैत्रिणी एका टेकडीवर चाललोय. तुमच्या यादीत नाहीये ती." मागे तीन-चार मुली हात हलवत होत्या. परत यायच्या तिकिटाचा विषय कुणी काढलाच नाही. काकांनी यादी बाजूला ठेवली. मग विचारलं, "परतीची शेवटची गाडी?"

"विचारली, बाबा. सहा दहा."

फोन बंद झाला. काकांनी नकाशावर ती टेकडी शोधली, पण ती नकाशाच्या बाहेर होती. मग त्यांनी भिंतीवरच, कोऱ्या चुन्यावर, पेन्सिलने एक ठिपका काढला. भिंत खराब केली म्हणून काकू ओरडल्या नाहीत, यावरूनच समजा. थोड्या वेळाने काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुझ्या त्या कोइमतूरच्या नोकरीचं काय झालं गं? तिथे बघण्यासारखं काय काय आहे?"

एवढ्या लांब एकटीने जायचं म्हणून मी घाबरून नाही म्हणणार होते त्या नोकरीला. आता काय करू? तुमच्यासाठी कधी कुणी घरबसल्या अशी जादा गाडी सोडली होती का?